प्रमाण-पाऊल

सोमवारी सकाळी दहाला पाच मिनिटे कमी असताना निशिगंधा शिगवण गाडीत बसली आणि मगच तिने कपाटातून आणलेला बूट उजव्या पायात चढवला. बूट एकाच पायाचा होता. त्याचा तळ बरोबर सात मिलिमीटर जाड होता आणि झिजू नये म्हणून तो जमिनीला लावायची मनाई होती.

दालनाचे तापमान पंचवीस अंश होते. गाडीची पुढची चाके पोलादी रोलरांवर टेकलेली, मागची साखळदंडांनी जमिनीला जखडलेली, आणि समोर वाऱ्यासाठी माणूसभर उंचीचा पंखा. काचेपुढच्या पडद्यावर एक हिरवी रेषा सरकत होती. कोणत्या सेकंदाला किती वेग हवा ते ती सांगे. प्रयोगशाळेत तिला चालरेषा म्हणत. एकोणीस मिनिटे चाळीस सेकंद त्या रेषेमागून जायचे आणि जिथे बसलो तिथेच उतरायचे. नऊ वर्षांत निशिगंधाने अशी पाच हजार किलोमीटर गाडी हाकली होती आणि ती गाडी एक वीतही पुढे सरकली नव्हती.

"बावीस पूर्णांक चार," ध्वनिक्षेपकातून आवाज आला. म्हणजे लिटरला बावीस पूर्णांक चार किलोमीटर. हाच या आठवड्याचा सरकारी आकडा.

दुपारी बारापर्यंत तिच्या पायाची प्रत्येक हालचाल देशातल्या चार कोटी गाड्यांत पोचली. पुढचे सात दिवस त्या सगळ्या तिच्या पायाने चालणार होत्या. हे फक्त प्रयोगशाळेतल्या मोजक्या लोकांना ठाऊक होते. बाकी देशाला 'प्रमाण-पाऊल' हा शब्द माहीत होता. ते पाऊल कोणाचे, हे गुपित होते.

निशिगंधा मात्र बूट काढून थेट संचालकांच्या खोलीत गेली. डॉ. वासंती उपळेकर साठीच्या, अंबाड्यात पेन्सिल खोचून ती दिवसभर शोधत फिरणाऱ्या, आणि या साऱ्या कल्पनेच्या जन्मदात्या. त्यांच्यासमोर गेल्याच आठवड्यात रुजू झालेले विधी अधिकारी गुरव बसले होते.

"बाई, आता मला सोडा," निशिगंधा म्हणाली. "आबा शहात्तर वर्षांचे झाले. आई गेल्यापासून पोफळीला एकटेच आहेत. मला घरी जायचंय."

तिचे मागणे एवढेच होते. पण या नोकरीत साधे काही नव्हते. प्रमाण-चालकाने रस्त्यावर गाडी चालवायची नाही, धावायचे नाही, वजन अठ्ठावन्न किलोच्या वर-खाली जाऊ द्यायचे नाही, आवारातल्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि रविवारी दहा मिनिटे घरी फोन करायचा. पस्तिसाव्या वर्षी तिला यात मान वाटला होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिला रोज सकाळी खिडकीतून तळेगावचा तोच माळ दिसे आणि जीव नकोसा होई.

गुरवांना तिची कीव आली असावी. "एका बाईच्या पायावाचून एवढं काय अडलंय?" त्यांनी विचारले. "यंत्राचा पाय बसवा की."

उपळेकरबाईंनी चष्मा काढला. "गुरव, तुमच्या वडिलांच्या गाडीच्या जाहिरातीत ॲव्हरेज किती लिहिलं होतं?"

"चोवीस."

"आणि गाडी द्यायची किती?"

"सोळा. वडील शेवटपर्यंत शोरूमवाल्याला शिव्या घालायचे."

"आकडा खोटा नव्हता हो. अशाच दालनात मोजलेला होता. पंचवीस अंश, एसी बंद, टायर टणक, गाडीत एकच माणूस, समोर ना रिक्षा ना म्हैस. त्या जगात ती गाडी चोवीसच द्यायची. फक्त त्या जगात कोणी राहत नव्हतं. लोकांच्या दृष्टीनं सगळी बोलाचीच कढी. मग रस्ता-सत्य कायदा आला. कागदावर जो आकडा, तोच रस्त्यावर मिळाला पाहिजे. कंपन्या रडायला लागल्या, की लाख प्रकारचे रस्ते आम्ही प्रयोगशाळेत कसे आणणार? मी म्हटलं, मग प्रयोगशाळा रस्त्यावर न्या. एसी, ओझं, चढ यांचा हिशेब मांडून वजा करता येतो. वजा होत नव्हता तो पाय. एकच गाडी, एकच रस्ता. एक माणूस बावीस काढतो, दुसरा पंधरा."

"म्हणून पाऊल-मध्यस्थ."

"म्हणून पाऊल-मध्यस्थ. स्टिअरिंग तुमचं, ब्रेक तुमचा. ॲक्सिलरेटर ही मात्र आता नुसती विनंती. तुम्ही सांगायचं, मला साठनं जायचंय. साठपर्यंत कसं जायचं, वळणाआधी कधी सैल सोडायचं, ते मध्यस्थ ठरवतो. आणि तो ठरवतो प्रमाण-पावलाप्रमाणं. यंत्राचा पाय आम्ही करून पाहिला. तो रेषेला इतका चिकटतो की सेकंदाला दहादा हलतो आणि पेट्रोल पितो. माणूस पुढचं बघून आधीच सोडतो. दोनशे बारा चालकांत हिचा पाय सगळ्यांत शांत निघाला."

"मग तो एकदाच नोंदवून ठेवायचा."

"पेट्रोलमधलं इथेनॉल उसाच्या हंगामाप्रमाणं दर आठवड्याला बदलतं. इंजिन वेगळं ओढतं, पाय वेगळा पडतो. आणि लोक नोंदवून ठेवलेल्या आकड्यांना विटले होते, गुरव. कायद्यात त्यांनी 'जिवंत माणसाचे पाऊल' असे शब्द घालून घेतले. सोमवारी पाऊल पोचलं नाही, तर मंगळवारी देशातली एकही गाडी जागची हलणार नाही."

गुरवांनी करार उलटून पाहिला. सुटकेच्या वाटा दोन होत्या. तोडीचा उत्तराधिकारी मिळणे, म्हणजे ज्याचे पाऊल चालू प्रमाण-पावलापासून एक टक्क्याच्या आत आहे असा माणूस. किंवा 'विचलन चार टक्क्यांच्या वर गेल्यास सेवा आपोआप समाप्त'.

"पहिल्या वाटेसाठी जाहिरात काढू," बाई म्हणाल्या. "वेळ लागेल."

निशिगंधाच्या डोक्यात मात्र दुसरी वाट घर करून बसली.

रविवारी तिने पोफळीला फोन लावला. आबांनी, म्हणजे सखाराम शिगवणांनी, तीस वर्षे चिपळूण-कराड एस.टी. कुंभार्ली घाटातून वर-खाली केली होती. निशिगंधाला गाडी त्यांनीच शिकवली, काजूच्या बागेतल्या जुन्या जीपवर. त्या जीपला मध्यस्थ नव्हता, ॲक्सिलरेटरची साधी तार होती. सडकेवर आणायची बंदी असल्यामुळे आबा ती अजून बागेतल्या बागेत फिरवत.

"काय गो, बरी हायस ना?" आबा म्हणाले. "परवा चुलत्याच्या पोराच्या नव्या गाडीतनं कराडला जाऊन आलो. एक इचारू?"

"विचारा."

"उतार दिसला की पाय काढायचा, उतार लागल्यावर न्हाय, हे मी किती जणांना शिकवलं असेल?"

"मला काय माहीत?"

"दोघांना. एक तो पाटणचा कंडक्टर, तो मेला. ती गाडी माझ्या हाताखालचं कुनीतरी चालवतंय, निशे. मी गप बसून ऱ्हायलो घाटभर. डोळं भरून आलं माझं."

निशिगंधाला हो म्हणायची परवानगी नव्हती आणि नाही म्हणवेना. दहा मिनिटे संपेपर्यंत ती काजूला मोहोर आला का, हे विचारत राहिली.

पुढच्या सोमवारी तिने मुद्दाम वाईट गाडी चालवली.

वाईट चालवणे सोपे नव्हते. नऊ वर्षांचा शांत पाय हट्टाने शांतच राहू पाहत होता. तिने त्याला चापट मारल्यासारखे दाबले, उशिरा उचलले, मध्येच दचकवले. चालरेषेच्या वर-खाली ताशी दोन किलोमीटरच्या मर्यादेत ती राहिली, पण आतल्या आत गाडी घोड्यासारखी उधळवली.

"सतरा पूर्णांक एक," ध्वनिक्षेपक म्हणाला.

विचलन गुरुवारी मोजले जाई. मधले तीन दिवस देशाने काय भोगले ते तिने बातम्यांत पाहिले. चार कोटी गाड्या एकाच तऱ्हेने आचके खात होत्या. घाटांत लोक खिडक्यांतून डोकी काढून ओकत होते. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. आणि तक्रार? एकही नाही. सरकारी आकडा सतरा पूर्णांक एक होता आणि प्रत्येकाला बरोबर सतरा पूर्णांक एक मिळत होता. लोक बायकोपोरांना लिंबू चोखायला देत होते आणि म्हणत होते, या वेळी निदान फसवलं तरी नाही.

गुरुवारी गुरवांनी स्वतः येऊन कागद तिच्या हातात दिला. विचलन: शून्य पूर्णांक शून्य.

"हे कसं शक्य आहे?" ती ओरडलीच. "मी सत्यानाश केलाय!"

गुरवांचा चेहरा पडला होता. त्यांनाही कलम वाचताना हे सुचले नव्हते. "विचलन तुमचं मोजत नाहीत, मॅडम. ते गाड्यांचं मोजतात. कंपन्यांनी लबाडी करू नये म्हणून. रस्त्यावरच्या गाड्या प्रमाण-पावलापासून किती ढळल्या, एवढंच ते सांगतं. गाड्या तुमचंच पाऊल चालवतात, मग त्या ढळतील कशा?"

"आणि मी ढळले तर?"

"तुम्ही ढळू शकत नाही. तुम्ही जे कराल ते प्रमाण."

ती खुर्चीत बसून राहिली. सुटायचे दार म्हणून जे ढकलत होती, ते भिंतीवर नुसते रंगवलेले होते. करार लिहिणाऱ्यांनी ही फसवणूक जाणूनबुजून केली असती तर तिला रागवता तरी आले असते. पण तीही बिचारी शहाणी माणसे होती आणि त्यांनी नेकीने चूक केली होती.

रविवारी आबा लगेच म्हणाले, "पाय रागावलाय गो."

"कोणाचा, आबा?"

"कुनाचा का असंना. त्याला सांग, घाटात मानसं असतात. राग घरात ठेवून मग गाडीत बसायचं. मी बसायचो."

सोमवारी आकडा पुन्हा बावीस पूर्णांक चार झाला. निशिगंधा त्या दिवशी दालनातून बाहेर पडली तेव्हा रडत होती, आणि ते कोणाला दिसले याची तिला पर्वा नव्हती.

राहता राहिली पहिली वाट. 'अनुभवी चालक पाहिजेत, निवासाची सोय' अशी जाहिरात निघाली. महिनाभरात तीनशे सात जण आले. जुन्या बनावटीची, तारेच्या ॲक्सिलरेटरची गाडी रोलरांवर चढवली होती. पहिला उमेदवार पंचवीस वर्षांचा, टॅक्सीवाला. त्याने ॲक्सिलरेटर थेट तळाला टेकवला, रोलर किंचाळले आणि तो घाबरून उडी मारून बाहेर आला. दुसऱ्याने तेच केले. दहाव्यानेही तेच.

पन्नाशीतला एक ट्रकचालक आला तेव्हा सगळ्यांना आशा वाटली. त्याने पाय ठेवला, दाबला, सोडला, पुन्हा दाबला, आणि तळव्यावर बोट ठेवून ओशाळून म्हणाला, "हितं पूर्वी काहीतरी कळायचं मला. आता कळंना झालंय."

तीनशे सातव्या माणसानंतर उपळेकरबाईंनी कागद बाजूला सारले. मग निशिगंधाला म्हणाल्या, "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नऊ वर्षं लोक नुसती विनंती करताहेत. ॲक्सिलरेटर कसाही दाबा, गाडी तुझ्याच पायानं चालते. मग नीट दाबायची गरज कोणाला? तरुणांना पाय फुटलाच नाही, म्हाताऱ्यांचा गळून गेला. या देशात आता गाडी चालवता येणारं माणूस एकच आहे."

"म्हणजे मी मरेपर्यंत इथे."

बाईंनी मान खाली घातली. त्या वाईट नव्हत्या. पण करारात तिसरी वाट नव्हती.

तीनशे आठवा उमेदवार तीन दिवसांनी आला. पांढरा लेंगा, हातात कापडी पिशवी, पायात टायरच्या तळाची चप्पल. दारावरच्या माणसाने त्यांना चहावाल्याकडे पाठवायचा प्रयत्न केला. निशिगंधाने काचेआडून पाहिले आणि चप्पल ओळखली.

"वयाची अट लिवलेली न्हाय जाहिरातीत," आबा गुरवांना सांगत होते. "मी दोनदा वाचली."

ते रोलरांवरच्या गाडीत बसले. बूट त्यांनी नाकारला. एकोणीस मिनिटे चाळीस सेकंद ते हिरव्या रेषेमागून गेले. रेषा खाली झुकायच्या आधी दीड सेकंद आबांचा पाय उठे, प्रत्येक वेळी, आणि काचेआड निशिगंधाचा उजवा पाय नकळत त्याच्याबरोबर उठत होता.

बावीस पूर्णांक तीन. प्रमाण-पावलापासून अंतर: शून्य पूर्णांक आठ टक्के.

त्यांना पाच मिनिटे एकत्र बसू दिले. "आबा, तुम्ही इथून बाहेर पडू शकणार नाही," ती म्हणाली. "कळतंय का तुम्हाला? मला तुमच्याजवळ यायचं होतं. तुम्ही आत आणि मी बाहेर, असं नव्हतं यायचं."

"मला कुठं जायाचंय आता? जेवायला मिळतं ना येळेवर?" आबांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "नऊ वर्सं तू एका जागी बसून सगळ्यांना घाट उतरवलास. आता मी बसतो. तू जरा हिंड. जीपला आठवड्यातनं एकदा चालू करीत जा, न्हायतर बॅटरी बसंल."

ती हो म्हणाली. बापाला कोंडून आपण सुटणे बरोबर नाही, हे तिला सही करतानाही पक्के माहीत होते. तरी तिने सही केली. माणूस नऊ वर्षे माळ बघतो तेव्हा त्याची सही अशीच होते.

एक नियम गुरवांनी तिला जाताना वाचून दाखवला: आजी आणि माजी प्रमाण-चालकांनी भेटायचे नाही. "हा कशाला?" तिने विचारले.

"पाय पायाकडून शिकतो," उपळेकरबाईंनी उत्तर दिले. "जवळ राहिलात की एकमेकांची लकब उचलाल. मग शुद्ध प्रमाण कोणाचं?"

सोमवारी दुपारी प्रयोगशाळेच्या साध्या गाडीने ती पोफळीला निघाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा समोरचा रस्ता खरोखर मागे पडत होता. खंबाटकीच्या चढावर ती मोठ्याने हसली. कराड, पाटण, कोयना मागे टाकून कुंभार्ली घाटमाथ्यावर आली तेव्हा सूर्य कलला होता. पहिले वळण दिसले, तिचा पाय अजून दाबलेलाच होता, आणि गाडीने मात्र आधीच श्वास सोडल्यासारखा वेग सोडला.

आबांचा पाय होता तो.

तिने पाय उचलून मागे घेतला आणि उतारभर स्टिअरिंग तेवढे धरून बसली. लहानपणी एस.टी.त बोनेटशेजारच्या सीटवर बसून ती असाच घाट उतरत असे.

मग तो तिचा शिरस्ताच झाला. सोमवारी दुपारी नवे पाऊल गाड्यांत पोचले की ती घाटमाथ्यापर्यंत जाई आणि उतरून येई. रविवारच्या दहा मिनिटांत आबा "बरा हाय" म्हणत. ते खरे की खोटे हे सोमवारच्या घाटात कळे. एकदा त्यांना सर्दी झाली होती. एकदा जेवणात मासे मिळाले असावेत. गावातली माणसे हसत, की शिगवणांची पोर पेट्रोल जाळायला घाटात जाते. सकाळी ती जीप चालू करून काजूच्या बागेत दोन चकरा मारी. बाकी दिवस रिकामे होते. घरात आबांची खुर्ची होती, आबांचा रेडिओ होता, आणि ज्याच्यासाठी ती सुटून आली तो माणूस तिने स्वतःच्या सहीने अडीचशे किलोमीटरवर कोंडून ठेवला होता.

चौदा महिन्यांनी, पावसाळा उलटल्यावरच्या एका सोमवारी, तिसऱ्या वळणावर पाय उशिरा उठला.

अर्धा सेकंद असेल. आणि उठताना तो किंचित थरथरला. मागे बसलेल्या कोणालाही खड्डा वाटला असता. निशिगंधाने गाडी कडेला घेतली आणि हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिली.

गुरुवारी सरकारी पत्रक आले. ॲव्हरेज एकवीस पूर्णांक सहा. विचलन शून्य पूर्णांक शून्य.

पुढच्या सोमवारी थरथर वाढली होती. तिच्या पुढे एक टँकर होता, त्याच्यापुढे दोन मोटारी. वळण आले आणि चारही गाड्या एकाच ठेक्यात कापल्या: एक, दोन, तीन, सुटल्या. टँकरचे मागचे चाक कठड्याच्या दगडाला घासून गेले. चार कोटी गाड्यांत आत्ता हेच चालले असेल. पण तिच्या डोळ्यांपुढे आले ते त्या पायाचे मालक, आबा. त्यांच्या शेजारी कोणी नव्हते.

तिने तिथूनच उपळेकरबाईंना फोन लावला. "आबांचा पाय कापतोय."

"विचलन शून्य आहे, निशिगंधा."

"बाई!"

"मला दिसतंय गं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "रोज डोळ्यांनी दिसतंय. कपबशी डाव्या हातात धरतात आता. पण माझ्या तक्त्यात डोळ्यांसाठी रकाना नाही. त्यांना घरी पाठवते म्हटलं तर मंगळवारी देश थांबेल. दवाखान्यात न्यायलासुद्धा आधी उत्तराधिकारी लागेल."

"मग मी येते. उद्या येते. पुन्हा कधीही सोडा म्हणणार नाही."

हे म्हणताना तिला वाटले होते तेवढे अवघड गेले नाही. अवघड पुढेच होते.

"तू चालणार नाहीस," बाई म्हणाल्या. "उत्तराधिकारी चालू प्रमाणापासून एक टक्क्याच्या आत हवा. तुझं जुनं पाऊल मी आज दुपारीच आबांच्या ताज्या पावलाशी ताडून पाहिलं. सहा टक्के अंतर आहे. कायद्यानं आबांचं पाऊल बिनचूक आहे आणि तुझं चुकीचं. तुझा पाय फार शांत आहे."

समोरून एक मोटार चढ चढत आली आणि कापत पुढे गेली. मागच्या सीटवरची मुलगी खिडकीला नाक लावून बसली होती.

"अंतर दर आठवड्याला वाढणार," बाई म्हणाल्या. मग त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "निशिगंधा, तुम्हा दोघांना भेटायची बंदी मी का घातली होती, आठवतं?"

"पाय पायाकडून शिकतो म्हणून."

"बंदी भेटण्यावर आहे. घाटावर नाही." आणि बाईंनी फोन ठेवला.

आबांनी जे शिकवले ते निशिगंधाला येत होते. ते शिकायला तिला बागेत एक उन्हाळा लागला होता. आता त्यांचे कापणे शिकायचे होते आणि आठवडे मोजकेच होते. एकदा एक टक्क्याच्या आत जायचे. एकदा त्यांच्यासारखे कापायचे, म्हणजे ती प्रमाण होईल, आबा दवाखान्यात जातील, आणि त्यानंतरच्या सोमवारपासून तिला पुन्हा शांत होता येईल, आयुष्यभर. माळ, खिडकी, सात मिलिमीटरचा बूट. तिने त्याचा विचार बाजूला ठेवला. राग आणि भीती घरात ठेवून मग गाडीत बसायचे असते.

तिने गाडी पुन्हा घाटमाथ्याला नेली आणि वळवली. उजव्या पायातली चप्पल काढली आणि अनवाणी पाऊल ॲक्सिलरेटरवर अलगद टेकवले. मध्यस्थ गाडी चालवी तसा तोही खालून हले आणि त्याची थरथर तळव्याला लागत होती. पहिले वळण आले. आबांचा पाय अर्धा सेकंद उशिरा उठला, कापला: एक, दोन, तीन, आणि सुटला. तिचा पाय लगेच उठला होता, तो चुकला.

"पुन्हा," ती स्वतःलाच म्हणाली. बागेत आबा असेच म्हणत.

अंधार पडेपर्यंत ती सहा वेळा घाट उतरली. सहाव्या वेळी तिसऱ्या वळणावर तिचा पाय उशिरा उठला आणि पहिल्यांदाच आपणहून थरथरला.